लसील हॅरिसच्या निमित्तानं : रोडिओचा विदूषक नेमकं काय काम करतो? जाणकारांनी लिहा

मेम्फिसकर

फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी डिक्सी नॅशनल रोडिओत (रोडिओ म्हणजे उसळत्या वळू-घोड्यांवर बसण्याच्या काऊबॉय खेळांची स्पर्धा) एक ८३ वर्षांचा माणूस तोंडाला रंग लावून रिंगणात उतरला, लोकांना हसवलं, मुक्कामी जाऊन झोपला आणि उठलाच नाही. लसील हॅरिस त्याचं नाव. जन्म १९३६, मिसिसिपीतलं लेक कॉर्मोरंट. घरसंसार मेम्फिसच्या पूर्वेला, कॉलियरव्हिलमध्ये. मागे बायको-मुलांचा गोतावळा. सुरुवात केली वळूवर बसणारा म्हणून, पन्नाशी उलटेपर्यंत वळूच्या समोर पळाला आणि त्यानंतरही तीसेक वर्षं विदूषक म्हणून उभा राहिला. अमेरिकेतल्या धंदेवाईक रोडिओची मुख्य संघटना पीआरसीए. तिचा ‘वर्षातला उत्तम विदूषक’ हा मान त्याला चार वेळा मिळाला. कोलोराडो स्प्रिंग्जच्या प्रोरोडिओ हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आहे. ‘ही हॉ’ या टीव्ही कार्यक्रमामुळे रोडिओ कधी न पाहिलेल्या घरांतही तो ओळखीचा झाला.

लोकांच्या लक्षात राहतात त्याचे विनोद. त्यामागचं काम मात्र कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून हा धागा. एक विनंती आहे. ‘मी पहिल्यांदा रोडिओ पाहिला तेव्हा’ छापाच्या आठवणी नकोत. अवजार, क्रम, आकडे आणि कुठे काय चुकतं ते लिहा.

सुरुवात मी करतो. वळूवर ८ सेकंद बसायचं, एका हातानं धरायचं, दुसरा हात कशालाही लागला की बाद. गुण १०० पैकी, त्यातले निम्मे वळूचे. म्हणजे वळू गरीब निघाला तर बसणारा कितीही चांगला असो, गुण पडतात. ८ सेकंद संपल्याचा भोंगा वाजतो, पण तो वळूला कळत नाही. खरा धोका तिथून पुढचा, उतरण्याचा. घोड्यावरच्या खेळात शेजारी दुसरा घोडेस्वार येऊन उचलून घेतो, वळूच्या खेळात तशी सोय नाही. बसणारा जमिनीवर पडतो आणि ७००-८०० किलोचं जनावर त्याच्याकडे वळतं. मधल्या दोन-तीन सेकंदांसाठी रिंगणात माणसं ठेवलेली असतात.

आज ही माणसं दोन प्रकारची. वळूला अंगावर घेणारे ‘बुलफायटर’, साधारण दोघे किंवा तिघे, आणि पिंपात उभा राहून बोलणारा ‘बॅरलमन’. लसील तरुण होता तेव्हा ही वाटणी एवढी स्पष्ट नव्हती. एकच माणूस विनोदही करायचा आणि वळूसमोर पळायचाही.

खिल्लार

सांगलीकडच्या लोकांनी कान टवकारावेत असा यातला एक भाग आहे. रोडिओत पूर्वीही विदूषक होते, पण ते फक्त वेळ काढायला. जुन्या काळी खेळात स्थानिक गोऱ्हे, बैल वापरायचे. माणूस पडला की तो बैल आपल्या वाटेनं निघून जायचा. १९२० च्या दशकात ‘ब्राह्मण’ (इंग्रजीत Brahman) नावाच्या जातीचे वळू आले आणि चित्र बदललं. हे जनावर पडलेल्या माणसाकडे वळून येतं. तिथून विदूषकाला ढाल व्हावं लागलं.

ही ‘ब्राह्मण’ जात अमेरिकेतच तयार केलेली आहे. रक्त मात्र आपलं : गीर, कांक्रेज (तिकडे गुझरात म्हणतात), ओंगोल (तिकडे नेल्लोर) आणि थोडं कृष्णाकाठच्या जातीचं, जिला पुस्तकात कृष्णा व्हॅली म्हणतात. त्यांची पैदासकार संघटना ह्यूस्टनला १९२४ साली निघाली.

वशिंड, लोंबती गळपोळी आणि सैल कातडं, हे तिन्ही इथे महत्त्वाचं. दोर वशिंडाच्या मागे बसतो, तो पुढे सरकत नाही. पण कातडं सैल असल्यामुळे वळू एका बाजूला फिरला की कातडं दोरासकट त्याच बाजूला सरकतं आणि बसणाऱ्याची बैठक हाडांवरून निसटते. घट्ट कातड्याच्या युरोपी बैलावर हे एवढं होत नाही. आजचे रोडिओचे वळू शुद्ध ब्राह्मण क्वचितच असतात, संकरच जास्त. पण चपळाई आणि मागे वळून बघायची खोड त्या रक्ताची.

गुरांचा डॉक्टर

खिल्लार, बरोबर. ‘मागे वळून बघायची खोड’ म्हणालात त्याची दुसरी बाजू सांगतो, म्हणजे वळूला दिसतं काय.

डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ ३३० अंशांचा देखावा. आंधळ्या जागा दोन : थेट शेपटीमागे आणि नाकासमोर अगदी जवळ. गुरांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. विदूषकाचा लाल रुमाल प्रेक्षकांसाठी असतो, वळूसाठी नाही. वळू हालचालीवर येतो. स्थिर माणूस त्याला फारसा खुपत नाही, म्हणून खाली पडलेल्याला ‘हलू नकोस’ म्हणायचं आणि आपण हलायचं, असा साधा हिशोब. (हा नियम शंभर टक्के चालत नाही. काही वळू पडलेल्याचाच वास घेत जातात. अशा वेळी पडलेल्यानं रांगत तरी सुटायचंच.)

दुसरं म्हणजे वळण. चार पायांवर ८०० किलो वजन वळवायला जागा लागते. सरळ रेषेत वळू माणसाला सहज गाठतो, लहान वर्तुळात गाठू शकत नाही. म्हणून बुलफायटर वळूपासून लांब पळत नाही, उलट जवळ जातो. खांद्याशी चिकटून, शक्यतो एक हात त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर ठेवून, त्याच्याभोवती गोल फिरतो. नवखे मरतात ते कुंपणाकडे सरळ पळताना. पाठ दाखवली की वळूला फक्त मान खाली घालायची असते.

शिंगांबद्दल : टोकं कापलेली असतात, कापलेलं टोक अमेरिकी अर्ध्या डॉलरच्या नाण्याएवढं तरी रुंद हवं, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर. त्यामुळे भोसकल्याच्या जखमा कमी, पण मार तोच. बोथट शिंगानं बरगडी तुटते, यकृत फाटतं.

वळू उसळावा म्हणून कुशीवर बांधतात त्या पट्ट्याबद्दल दर धाग्यात एक वाद होतो, तो आधीच मिटवतो. तो मऊ दोराचा असतो, मागच्या पायांपुढे कुशीवर बांधतात. वृषणांना बांधलेला नसतो. तिथे आवळलं तर जनावर उसळणार नाही, जागीच बसेल. रोडिओवर आक्षेप घेण्यासारखं आणखी बरंच आहे, पण हा मुद्दा खोटा आहे.

नुसताच वाचक

एक अडाणी प्रश्न. बसणारा पडला तरी कधीकधी हात अडकून फरफटत जातो, ते कशामुळे? दोर बांधलेला असतो का?

राळ आणि दोर

अडाणी नाही, सगळ्यात कामाचा प्रश्न विचारलात. दोर वळूला गाठ मारून बांधलेला नसतो, म्हणूनच अडकतो.

रचना अशी. सपाट विणलेला दोर वळूच्या छातीभोवती जातो. खाली एक किंवा दोन घंटा असतात. त्या नुसत्या आवाजासाठी नाहीत, त्यांचं वजन दोर खाली ओढतं. बसणाऱ्यानं मूठ सोडली की दोर आपोआप गळून पडावा हा उद्देश. वर चामड्याची मूठ असते, तिच्यात तळहात वर करून हात घालायचा. मदतनीस दोराचं मोकळं टोक, म्हणजे शेपूट, ओढून आवळतो. मग ती शेपूट तळहातावरून घ्यायची आणि बोटं मिटायची. काही जण तीच शेपूट करंगळी आणि अनामिकेच्या मधून काढतात. पकड घट्ट होते, पण सुटायला वाईट. त्याला तिकडे ‘आत्महत्येचा वेढा’ म्हणतात, उगाच नाही. दोराला आणि हातमोज्याला राळ घासलेली असते, गरम करून चोळायची, म्हणजे चिकटते.

आता अडकणं. उजव्या हातानं धरणारा उजवीकडे पडला तर हात मुठीतून सरळ निघतो. डावीकडे पडला, म्हणजे हाताच्या उलट बाजूला, तर त्याचं अख्खं वजन मनगटाला पीळ देतं, मूठ त्याच्यावर उलटते आणि बोटं सापडतात. मनात आलं तरी उघडत नाहीत.

सोडवायचा क्रम :

एक बुलफायटर वळूच्या डोक्याकडे जातो. त्याचं काम वळूला त्याच्याकडे बघायला लावणं आणि शक्यतो गरगर फिरू न देणं. दुसरा अडकलेल्या हाताच्या बाजूला जातो, शेपूट शोधतो आणि वरच्या दिशेनं ओढतो. खाली किंवा बाजूला ओढली तर वेढा आणखी आवळतो, नवखे इथेच चुकतात. शेपूट सापडली नाही तर मुठीखाली बोटं घालून ती उघडायची. बसणाऱ्यानं या सगळ्यात एकच करायचं : पायांवर राहायचं. वळूच्या खांद्याबरोबर पळत राहिलं तर हाताला ढिलाई मिळते. पाय गेले की त्याचं शरीर वळूच्या पोटाखाली झुलायला लागतं आणि मागच्या खुरांच्या टप्प्यात येतं.

फिरणाऱ्या वळूच्या आतल्या बाजूला पडणं हे त्याहून वाईट. त्या जागेला ‘विहीर’ म्हणतात. तिथे पडलेला माणूस वळूच्या वर्तुळाच्या मध्यात असतो. बाहेरून कुणी आत शिरेपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात.

मेम्फिसकर

राळ आणि दोर, छान लिहिलंत. एक भर. शेपूट ओढायला जाणारा माणूस वळूच्या बाजूला चिकटलेला असतो, त्यामुळे डोक्याकडचा माणूस चुकला तर दोघं सापडतात. वॉशिंग्टन राज्यातला विक पेथ हा या प्रकारचं काम नीट बांधणाऱ्या पहिल्या लोकांपैकी. त्यानं विनोद जवळजवळ बाजूला ठेवले आणि फक्त वळूचं काम केलं. आजचे बुलफायटर वेगळा धंदा म्हणून उभे आहेत ते अशा लोकांमुळे. लसीलनं उलट केलं, वय झाल्यावर वळू दुसऱ्यांना दिले आणि विनोद ठेवले. पण ज्यानं आयुष्यभर वळूची मान वाचली आहे, त्याचा पिंपातला विनोदही वेगळा असतो. वळू कधी येणार हे त्याला आधी कळतं, म्हणून वाक्य कुठे तोडायचं तेही कळतं.

वेल्डिंगवाला

पिंपावर मी लिहितो. विदूषकाच्या सामानातली एवढी एकच वस्तू माझ्या हद्दीत येते.

पहिलं श्रेय टेक्ससच्या जॅस्बो फुल्करसनला देतात. त्याचं पिंप लाकडी होतं. नंतर पोलादी आली. आता चांगली पिंपं अॅल्युमिनियमची, बाहेरून फोम आणि त्यावर जाड कापड किंवा व्हिनाईल, आतूनही फोम. दोन्ही टोकं उघडी. तळ का नाही, असं लोक विचारतात. कारण दोन. एक, आत उभं राहून आतल्या मुठी धरून पिंप उचलायचं आणि चालत जागा बदलायची. दुसरं, पिंप उलटं झालं तरी कुठल्याही बाजूनं बाहेर पडता यावं.

उंची उभ्या माणसाच्या छातीच्या खाली. याहून उंच केलं तर बसताना वेळ जातो, ठेंगणं केलं तर डोकं बाहेर राहतं. तोंडाच्या कडा पाइपनं गोल वळवलेल्या हव्यात. नुसता पत्रा दुमडलेली कड पहिल्याच धडकेत उघडते आणि सुरीसारखी कापते. मुठी बोल्टनं लावल्या असतील तर बोल्टचं डोकं आत येऊ द्यायचं नाही, आलंच तर त्यावर फोम.

धातू निवडताना एक गंमत आहे. ६०६१-टी६ हा मिश्रधातू सगळ्यांना माहीत असतो, दणकट म्हणून. पण तो वेल्ड केला की जोडाच्या शेजारच्या पट्टीत त्याची ताकद मोठ्या प्रमाणात उतरते, तिसरा हिस्सा तरी गेलाच समजा. धडक बसते ती नेमकी जोडांवर. ५०५२ हा दुसरा मिश्रधातू उष्णतेनं कडक केलेला नसतो, तो वाकतो पण तडकत नाही. पिंपाला वाकणारं हवं. दर काही धडकांनंतर मुठींची मुळं आणि उभा जोड भिंगानं बघायचा. केसासारखी रेघ दिसली की पिंप वापरायचं नाही, वरून वेल्डची आणखी एक लाइन मारून भागत नाही.

वजनाचा तोल अवघड आहे. हलकं केलं तर चालवायला सोपं, पण वळूनं उडवलं की उंच जातं आणि पडतानाचा दणका आतल्याला. जड केलं तर म्हाताऱ्या माणसाला उचलून हलता येत नाही. पन्नाशीनंतर या कामात टिकायचं तर हलक्या पिंपाकडे कल आणि जादा फोम, असं माझं मत.

आत बसायची रीत : भोंग्याची वाट बघायची नाही, वळूनं मान खाली घातली की बसायचं. पाठ एका भिंतीला, गुडघे दुसऱ्या भिंतीला, हनुवटी छातीला. हात आतल्या मुठींवर, कोपरं अंगाशी. बोटं कडेवर ठेवली की गेली. तोंडात दंतरक्षक. पिंप लोळायला लागलं की ताठ राहायचं, सैल सोडलं तर डोकं भिंतीवर आपटत राहतं.

ध्वनीखोका

वेल्डिंगवाल्यांच्या यादीत एक राहिलं. माइकचा डबा. बिनतारी माइकचा तो खोका लोक सवयीनं पाठीमागे कमरेला लावतात. पिंपात पाठ भिंतीला टेकलेली असते आणि धडक बसली की खोका थेट मणक्यात. तो बाजूला, पोटाच्या कडेला, मऊ पिशवीत. तार शर्टाच्या आतून. बॅटरी प्रत्येक खेळाला नवी, अर्धी वापरलेली चालते असं म्हणणाऱ्याचा आवाज नेमका शेवटच्या वळूला जातो.

आता वेळेचं गणित. वळू खोड्यात (गुरांच्या दवाखान्यात असतो तसाच अरुंद लोखंडी खोडा, फक्त बाजूनं उघडणारा) उभा करतात, बसणारा वरून उतरतो, दोर आवळतो. वळू आडवा टेकला, मागचा पाय फटीत गेला, कुणाचा दोर फिरला, की मिनिटं जातात. प्रेक्षकांना ते दिसत नाही. त्यांना दिसतं रिकामं रिंगण. दर वेळी किती वेळ भरायचा हे विदूषकाला आधी माहीत नसतं. म्हणून चांगला माणूस तीन मापांचे विनोद तयार ठेवतो : वीस सेकंदांचा, एका मिनिटाचा आणि कुठेही तोडता येणारा तीन-चार मिनिटांचा. तोडता येणं महत्त्वाचं. खोड्यावरच्या माणसानं मान हलवली की दार उघडणार, आणि दार उघडताना लोक हसत असतील तर पहिल्या दोन उड्या कुणी बघतच नाही. तो खेळाचा अपमान.

याशिवाय मोठी पोकळी येते ती बायकांच्या घोडेशर्यतीत, तीन पिंपांभोवतीच्या. मधे ट्रॅक्टर फिरवून माती सारखी करतात. तेव्हा विदूषकाचा स्वतःचा खेळ : फुटणारी गाडी, शिकवलेलं गाढव, काहीतरी.

निवेदक आणि विदूषक ही जोडी आपल्या तमाशातल्या सरदार-सोंगाड्यासारखी. निवेदक शहाणा, विदूषक त्याला उलटा घेणारा. पण एक फरक आहे. इथे निवेदक उंचावर असतो आणि त्याला ते दिसतं जे विदूषकाला दिसत नाही. त्यांचा एक ठरलेला शब्द असतो. तो आला की विनोद बंद, पिंपाकडे.

माणूस पडून राहिला की संगीत बंद, विदूषकाचा माइक बंद. तो पिंपाशीच राहतो, वळू बाहेरच्या दारातून जाईपर्यंत. जखमी उठला की निवेदक आधी बोलतो, विदूषक नंतर. या क्रमात घाई करणारा विदूषक लोकांच्या मनातून कायमचा उतरतो.

आणि राजकारण नको. २०१३ मध्ये मिसुरीच्या राज्य जत्रेत एका विदूषकानं ओबामांचा मुखवटा घालून प्रकार केला. जत्रेनं त्याला आयुष्यभरासाठी बंद केलं, देशभर बोंब झाली ती वेगळी. लसीलच्या पिढीचा विनोद बहुतेक स्वतःवर असायचा : स्वतःची उंची, स्वतःचं वय. तो जुना होत नाही.

रंगपेटी

रंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

दाढी गुळगुळीत, वर क्रीमचा पातळ हात. आधी पांढरा : डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती. तेलाचा रंग घ्यायचा, पाण्याचा नाही, पाण्याचा रंग पहिल्या घामाला उतरतो. पांढऱ्यावर लगेच भुकटी. लहान मुलांची पावडर मोज्यात भरून मोजा थोपटायचा, जादाची झटकायची. मग लाल, मग काळ्या रेघा, आणि पुन्हा मोजा. शेवटी पाण्याचा बारीक फवारा. भुकटी न मारता गेलात तर धूळ रंगात बसते आणि पंधरा मिनिटांत तोंड चिखल.

पापणीच्या कडेला रंग नको. घाम तो डोळ्यात नेतो, आणि ज्याचं आयुष्य वळूच्या मानेकडे बघण्यावर आहे त्याला एक डोळा चुरचुरणं परवडत नाही. काढताना बेबी ऑइल, मग साबण. नुसत्या साबणानं घासलं की कातडी सोलते.

कपडे : चार-सहा मापं मोठी जीन, पोटरीवर कापलेली, खांद्यावरून पट्ट्यांनी अडकवलेली. कमरेला पट्टा आवळायचा नाही. शिंग कापडात अडकलं तर कापड जावं, माणूस राहावा. आत मात्र सगळं घट्ट : मांड्या आणि खुब्यांना गाद्या, गुडघ्यांना पट्टे. पायात फुटबॉलचे बूट, आखूड रबरी टोकांचे. लांब टोकं मातीत रुततात आणि वळणावर गुडघा पिळतो. घोडेस्वारांचे गुळगुळीत तळव्यांचे बूट या कामात घातले तर पहिल्याच वळणावर घसरता.

मोडकं हाड

रंगपेटी, गुडघ्याचं अगदी बरोबर. या लोकांचे गुडघे, बरगड्या आणि डोकी, तीन ठिकाणी सगळा हिशोब लागतो.

३० जुलै १९८९, शायेन फ्रंटियर डेज, वायोमिंगमधला मोठा रोडिओ. लेन फ्रॉस्टनं ८ सेकंद पूर्ण केले, उतरला, आणि वळूनं पाठीत शिंग मारलं. बरगडी मोडून आतली रक्तवाहिनी गेली. तो २५ वर्षांचा होता. त्याचा मित्र कोडी लँबर्ट यानं नंतर संरक्षक जाकीट बनवलं : आत घट्ट फोम, वर न फाटणारं कापड. ते मार थांबवत नाही, पसरवतं. तेवढ्यावर बरगडी वाचते. बुलफायटरही ते घालतात. वळणाऱ्या माणसाला जाकीट काखेत मोकळं हवं, नाहीतर हात वर जात नाही.

पडलेल्याजवळ गेल्यावरचा क्रम : आधी वळू बाहेर. तोपर्यंत जखमीला उचलायचं नाही, त्याच्या आणि वळूच्या मधे उभं राहायचं. बेशुद्ध पडला असेल तर हात धरून ओढायचा मोह होतो. मान तुटलेली असेल तर तेवढ्यानं माणूस जन्माचा लुळा होतो. ओढणं फक्त वळू पुन्हा येत असेल तरच, आणि तेही बगलेत हात घालून, डोकं आपल्या हातांच्या मधे धरून, सरळ रेषेत. डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान गेलं तरी त्या दिवशी पुन्हा रिंगण नाही. जुनी पिढी हे मानत नसे आणि म्हातारपणी त्याची किंमत घरच्यांनी मोजली.

नुसताच वाचक

आणि घर? ८३ व्या वर्षी बायको-मुलं टिकवून हे काम कसं जमतं? पैसे मिळतात का?

वहीखातं

इथे काऊबॉय आणि विदूषक यांची गणितं उलटी आहेत, आणि माझ्या मते कुटुंब टिकायचं मुख्य कारण तेच.

काऊबॉय प्रवेश फी भरतो, स्वतःच्या पेट्रोलनं जातो, बक्षीस मिळालं तर मिळालं. स्लिम पिकन्सचं नाव आठवा. तो आधी रोडिओचा विदूषक होता, मग सिनेमात गेला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की या धंद्यात हाती फारसं लागणार नाही (इंग्रजीत ‘स्लिम पिकिंग्ज’), त्याच वाक्प्रचाराचं त्यानं नाव केलं. विदूषक मात्र करारावर असतो. दर खेळाला ठरलेली रक्कम, वळू चांगला निघो की वाईट. वर्षाचे करार बहुतेक डिसेंबरात होतात, लास व्हेगासच्या राष्ट्रीय अंतिम फेरीच्या आसपास, जेव्हा सगळ्या गावांच्या समित्या तिथे जमतात. म्हणजे जानेवारीत घरच्यांना वर्षाचं वेळापत्रक दाखवता येतं. कुठला वाढदिवस बुडणार ते आधीच कळतं, हाही एक प्रकारचा प्रामाणिकपणा.

करारात काय लिहून घ्यायचं : किती खेळ, सरावाचा दिवस धरून की सोडून. मुक्काम कुणाचा. जनावरं आणली तर चारा आणि गोठा कुणाचा. राहायच्या ट्रेलरला विजेची जोडणी ३० अँपिअरची की ५० ची, हे विचारलं नाही तर जुलैत वातानुकूलन चालत नाही आणि पोरं रात्रभर रडतात. पाऊस आला तर पैसे पूर्ण की अर्धे. तोंडी काही ठेवायचं नाही, समित्या दरवर्षी बदलतात.

४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आसपासचे दिवस सगळ्यात कमाईचे, एका आठवड्यात चार-पाच गावं. कुटुंब सोबत न्यायचं तर तेव्हाच, शाळेला सुट्टी असते. बायको बहुतेक घरची हिशोबनीस, कपडे शिवणारी आणि सामानाची राखणदार. हे काम पगारी गणलं जात नाही, ते गणलं पाहिजे.

वेल्डिंगवाला

वहीखातं, ट्रेलरचं मी पुरं करतो, कारण या धंद्यात वळूइतकीच माणसं रस्त्यावर जातात. जॅस्बो फुल्करसन वळूंतून वाचला आणि १९४९ मध्ये मोटार अपघातात गेला.

सामान भरताना ६० टक्के वजन धुरीच्या पुढे. जोडणीवर पडणारं वजन एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. विदूषकाची चूक ठरलेली : खेळाची गाडी आणि पिंप आधी रिंगणात लागतात म्हणून ती शेवटी, दाराशी भरतो. मागे वजन गेलं की ताशी ९०-१०० किलोमीटरवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तेव्हा ब्रेक मारायचा नाही. अॅक्सिलेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ, आणि ट्रेलरचा ब्रेक हातानं वेगळा लावता येत असेल तर तेवढाच हलका.

टायर झिजून नव्हे, वयानं फुटतात. बाजूच्या भिंतीवर शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, बदलायचे. बेअरिंगला वर्षातून एकदा ग्रीस. दर थांब्यावर चाकाच्या तुंब्याला हात लावून बघायचं, एक बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर पुढे जायचं नाही.

रंगपेटी

आणि निघण्याआधी तोंड धुवायचं. घाईत रंगासकट गाडीत बसतात. रात्री समोरून दिवे आले की डोळ्याभोवतीचा तेलाचा पांढरा चमकतो, आणि डोळे चोळले की संपलंच. बेबी ऑइलची बाटली आणि एक जुना टॉवेल ड्रायव्हरच्या दाराच्या खणात.

गुरांचा डॉक्टर

गाढव नेत असाल तर दर चार-पाच तासांनी थांबून पाणी. आणि घरचंच पाणी पिंपातून न्या, नव्या गावचं पाणी ते हुंगून सोडून देतं. मग पोटात कळ येते आणि दुसऱ्या दिवशीचा खेळ माणसाला एकट्यानं करावा लागतो.